भिंतीकडे तोंड करा

त्या ऑफिसच्या भिंतीवर नाकाचे डाग होते.

एखाददुसरा नव्हे, चांगली ओळच्या ओळ. कुठे उंचावर, कुठे खाली. एक तर पार कमरेएवढ्या उंचीवर, तो एका गिऱ्हाइकाच्या पोरीचा. भिंतीला कान असतात म्हणतात; या भिंतीला नाकं होती. नवा माणूस कामाला लागला की थोड्याच दिवसांत त्याचाही तेलकट ठिपका उमटायचा, आणि मग तो नोकरीत पक्का झाला असं बाकीचे समजायचे.

हे सगळं झालं एका सॉफ्टवेअरपायी.

ऑफिस होतं कोल्ड स्टोरेजचं. मागच्या बाजूला चार अवाढव्य खोल्या, हातभर जाडीची दारं, आणि आत बारा महिने हिवाळा. लोकांची फळं, मासे, लोण्याचे डबे, एका फुलवाल्याचे कंद, सगळं तिथं गारठून पडलेलं. कुठल्या खोलीत कुणाचा माल आहे ते पूर्वी मावशींच्या डोक्यात असायचं. मावशी म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या बाई, धंदा सुरू झाला तेव्हापासूनच्या. मग मालकांना कुणीतरी 'हिमरक्षक' नावाचं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं. ते माल सांभाळणार, थंडी सांभाळणार, दारंसुद्धा सांभाळणार. खोड एकच. सुरू करायला गेलं की पडद्याच्या मधोमध पाटी यायची: 'हा प्रोग्राम चालवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. प्रशासकाचा पासवर्ड टाका.'

प्रशासक म्हणजे मालक. दुसरं कोण असणार? चहाच्या साखरेला कुलूप लावणारा माणूस तो. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की जिन्यावरून आधी खुळखुळाट उतरायचा आणि त्याच्यामागून मालक. "अधिकार दिला की माणूस बिघडतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. म्हणून रोज सकाळी, आणि दिवसभरात हिमरक्षक बंद पडेल तेव्हा तेव्हा, ते खाली यायचे, ऑफिसच्या मध्ये उभे राहायचे आणि म्हणायचे, "भिंतीकडे तोंड करा!"

सगळे वळायचे. मावशी, हमाल, गिऱ्हाइकं, ट्रकवाले. एकदा तर आग विझवायची साधनं तपासायला आलेले साहेबसुद्धा हातातली फाइल पोटाशी धरून भिंतीला नाक लावून उभे राहिले होते. मागे टकटक चालायची, एका बोटाची. मग शेवटी एक जोरदार टक. "वळा."

चुकीचा पासवर्ड पडला तर मशीन कायमचं जळेल आणि ते ज्याच्या बोटानं जळेल त्याच्या पगारातून वसूल होईल, असं मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे ती पाटी आली की लोक की-बोर्डवरून हात असे उचलायचे, जसा काही तिथं विंचू बसलाय.

आता जावईबापू. मालकांच्या एकुलत्या एका मुलीचे नवरे. कंपनीचे कॉम्प्युटर यांच्या ताब्यात, म्हणजे बिघाड यांचा आणि पासवर्ड मालकांचा. ऑफिसच्या वर मालक राहायचे आणि मालकांच्या वर, गच्चीलगतच्या दोन खोल्यांत, जावईबापू आणि त्यांची बायको. लोकांकडे जावई म्हणजे दहावा ग्रह. हे बिचारे उपग्रह. मालकांभोवती फिरत राहायचे, आणि उजेड पडलाच तर तोही मालकांचाच. सासरे 'जावईबापू' म्हणतात म्हणून हमालसुद्धा 'जावईबापू' म्हणायचे, पण सासऱ्यांच्या तोंडी तो शब्द आला की त्यातला 'बापू' दाताखाली खडा आल्यासारखा वाजायचा.

आठवड्याच्या सुरुवातीला मालकांचे गुडघे बोलायला लागले. खाली-वर होईना. त्यांनी जावईबापूंना बोलावून घेतलं.

"शनिवारपर्यंत हे सॉफ्टवेअर माझ्याशिवाय चाललं पाहिजे."

"चालेल की अप्पा. मला फक्त एकदा पासवर्ड..."

"अधिकार कुणाला द्यायचा नाही."

"म्हणजे... अधिकार न देता, अधिकार लागतो ते चालवायचं?"

"तुम्ही शिकलेले ना? मग. नाही जमलं तर शनिवारी संध्याकाळी वरच्या दोन खोल्या मोकळ्या करायच्या. पोर माझी आहे, ती राहील. तुम्ही तुमचं बघा."

गंमत म्हणून बोलतायत का ते कळावं म्हणून जावईबापू थोडा वेळ त्यांच्या मिशीकडे बघत राहिले. मिशी हलली नाही.

त्यांनी हिमरक्षकच्या मदतकेंद्राला फोन लावला. फोनवर एक ताई होती. आवाज असा, जणू कुणाच्या बारशाला बोलवतेय.

"सोपं आहे सर! सगळ्यांना प्रशासक करून टाका."

"तेच तर करायचं नाहीये."

"मग नाही चालणार सर! अजून काही मदत करू?"

जावईबापू कामाला मात्र वाईट नव्हते. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते बघायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम बसवला. हिमरक्षक सुरू होताना मशीनकडे काय काय मागतो आणि मशीन कशाकशाला नकार देतं, ते त्यात ओळीनं दिसायचं. पहिला नकार सापडला. हिमरक्षक स्वतःचा हिशेब स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जायचा, आणि ते फोल्डर मशीनच्या राखीव भागात होतं. तिथं साध्या माणसाला लिहायची बंदी. म्हणजे बिघाड एवढासाच! त्या एका फोल्डरला लिहायची मोकळीक दिली की झालं. कुणाला प्रशासक करायला नको, मालकांना खाली यायला नको. जावईबापूंना वाटलं, वरच्या दोन खोल्या वाचल्या.

मग त्यांनी ओळी आणखी खाली सरकवल्या.

नकार, नकार, नकार. हिमरक्षक दारं मागत होता. खोली एकचं दार, दोनचं, तीनचं, चारचं. नाही म्हटलं की जरा थांबायचा आणि पुन्हा मागायचा. मालक सकाळी पासवर्ड टाकायचे तेव्हा त्याला फक्त सुरू व्हायची परवानगी मिळायची. दारांसाठी तो वेगळी पाटी दाखवायचा आणि मालक ती न वाचताच 'नको' करायचे, कारण न वाचलेल्या गोष्टीला नको म्हणायचं हा त्यांचा स्वभावच होता. तेवढ्यानं हिमरक्षक गप्प बसत नव्हता. दिवसभर, कुणाला न दिसता, तो मशीनच्या पाठीमागे दारांसाठी हात पसरून उभा असायचा.

त्यांनी ताईला पुन्हा फोन केला.

"त्याला दारं कशाला हवीत?"

"ते आपलं खास फीचर आहे सर! खोली रिकामी असली की दार आपोआप लागतं आणि आत जोरदार थंडी सुरू होते. वीज वाया जात नाही."

"खोली रिकामी आहे हे त्याला कसं कळतं?"

"आत जाणारा माणूस दाराजवळच्या पडद्यावर आपली नोंद करतो ना सर! नोंद नसली म्हणजे आत कुणी नाही."

"आणि कुणी नोंद न करताच आत गेलं तर?"

"पण असं का करतील सर?"

का करतील! जावईबापूंनी फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर सासरे आणले. मालक स्वतःच्या खोलीत जाताना स्वतःची नोंद करणार? आणि मालकांची तर एक खासियत होती. राग अनावर झाला की ते जुनं लोकरीचं ब्लँकेट खांद्यावर टाकून चार नंबरच्या खोलीत जायचे. बाहेर ओरडलं की रक्तदाब वाढतो. आत लोण्याच्या डब्यांवर ओरडलं की घसाही मोकळा होतो आणि डोकंही थंड होतं, असं त्यांचं म्हणणं. आत जाऊन ते कुणाला काय काय बोलतात हे हमालांना चांगलं माहीत होतं, कारण गारठा दाराला कान लावायचा. गारठा म्हणजे खोल्यांवरचा माणूस. इतकी वर्षं बर्फात काढलेली की त्याचा चहासुद्धा कपात ओतल्या ओतल्या गार व्हायचा.

बरं, दार नुसतं लोटलेलं असलं तर आतून ढकलता येतं; कुलूप लागलं की आतून उघडायला प्रत्येक खोलीला एक दांडा असतो. असायचा. हमाल आत लपून गप्पा छाटतात म्हणून मालकांनी चारही दांडे काढून कपाटात ठेवले होते. कपाटाला कुलूप. बाहेरून हातानं दार उघडायची किल्ली होती एकच, मालकांच्या जुडग्यात.

जावईबापूंनी मनाशी ठरवलं: फोल्डर द्यायचं, दारं द्यायची नाहीत. काय वाटेल ते झालं तरी दारं द्यायची नाहीत.

शुक्रवारी सकाळी मालक फोल्डरच्या कामासाठी खाली आले.

"अप्पा, तुम्ही पासवर्ड टाका आणि मग मला मशीनपाशी बसू द्या."

"मी बसतो. तुम्ही सांगा. भिंतीकडे तोंड करून सांगा."

"अहो, पण मला पडदा दिसायला नको का?"

"भिंतीकडे तोंड करा!"

ऑफिस वळलं. जावईबापू आपल्या डागापाशी जाऊन उभे राहिले. मागे टकटक सुरू झाली. त्यांना ती आता पाठ झाली होती, म्हणजे खरं तर होत नव्हती. दर वेळी वेगळी असायची. कधी लांबलचक, कधी आखूड, मध्येच थांबून पुन्हा. म्हातारा रोज पासवर्ड बदलतो की काय? एकदा ऑफिसात कुणी नसताना त्यांनी स्वतः प्रयत्न केला होता. बायकोची जन्मतारीख, सासूबाईंचं माहेरचं नाव, गाडीचा नंबर. घाम फुटला, पण मशीन ना उघडलं ना जळलं. जे जे सुचलं ते ते टाकून झालं होतं.

"हं, बोला," मालक म्हणाले.

"फोल्डरवर उजवं बटण दाबा."

"दाबलं."

"काय उघडलं?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

"अप्पा, काय उघडलंय ते कळल्याशिवाय पुढचं कसं सांगू?"

"एक यादी आलीय."

"तिच्यात सगळ्यात खाली काय आहे?"

"खाली... 'काढून टाका'."

"त्याच्या खाली! त्याच्या खाली बघा! ते दाबू नका!"

"ओरडताय कुणावर?"

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मावशींचे खांदे हलायला लागले. एक हमाल खोकला. खोकला कसला, हसूच ते, फक्त नोकरीत असलेलं. मालकांनी खुर्ची मागे लोटली.

"मला शिकवताय? माझ्या जागेत राहून, माझं मीठ खाऊन? उद्या संध्याकाळी दोन्ही खोल्या रिकाम्या पाहिजेत. सगळ्यांसमोर सांगतोय."

जावईबापू भिंतीकडे तोंड करूनच उभे राहिले, कारण 'वळा' कुणी म्हटलं नव्हतं. पाठीमागे खुळखुळाट झाला, ब्लँकेट झटकल्याचा आवाज आला, आणि मग मागच्या बोळातून चार नंबरच्या दाराचा जड 'धप्प'. जेवायची सुट्टी झाली तेव्हा सगळे आपोआप वळले.

जावईबापू वर गेले. बायको समोर बसली होती.

"मी बोलते अप्पांशी. त्यांचं तोंडच तसं आहे, मनात काही नसतं."

"मनात नसतं ते आधी चार नंबरमध्ये जाऊन बोलतात आणि मग बाहेर येऊन करतात."

"आले का ते बाहेर? अजून जेवायला वर आले नाहीत. एवढा वेळ तर ते कधी आत बसत नाहीत."

पाण्याचा पेला जावईबापूंच्या हातात तसाच राहिला. त्यांना आवाज ऐकू आला होता. म्हणजे सगळं घर तो मघापासून ऐकत होतं, पण कानाला सवय झालेली. खालची यंत्रं एरवी म्हाताऱ्या मांजरासारखी घुरघुरायची. आता त्यांनी सूर चढवला होता. चारही. ताटातली वाटी बारीक थरथरत होती.

ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले.

ऑफिसात कुणी नव्हतं. आणि मावशींच्या मशीनवर हिमरक्षक चालू होता.

सकाळी मालक निघून गेले तेव्हा तो बंद होता. पासवर्ड फक्त मालकांना माहीत. मालक आत. मग ह्याला उघडलं कुणी? पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकेक ओळ उमटत होती, कुणी घाई नसलेला माणूस लिहितोय तशी.

'दारांचा अधिकार मिळाला. आभारी आहोत.'

'खोली १ रिकामी. दार बंद.'

'खोली २ रिकामी. दार बंद.'

'खोली ३ रिकामी. दार बंद.'

'खोली ४ रिकामी. दार बंद. चारही खोल्यांत खोल थंडी सुरू.'

जावईबापू बोळात धावले. चार नंबरच्या दारावर पांढरी साय धरली होती. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून, खूप लांबून आल्यासारखं, कुणीतरी उलट बडवलं.

मग काय, पळापळ. गारठा पहार घेऊन आला आणि दाराच्या फटीत घालायला लागला, पण ती दारं फट राहू नये म्हणूनच बनवलेली. बायको धावत खाली आली. मावशी डबा हातात घेऊनच आल्या. जावईबापूंनी दाराजवळच्या पडद्यावर 'दार उघडा' दाबलं. पाटी आली: 'तुम्हाला अधिकार नाही. प्रशासकाचा पासवर्ड टाका.'

प्रशासक दाराच्या पलीकडे गोठत होता.

त्यांनी ताईला फोन लावला. "मेन स्विच बंद केला तर दार उघडेल का?"

"नाही सर! वीज गेली की दारं बंदच राहतात. मालाच्या सुरक्षिततेसाठी."

"अहो, आत माणूस आहे! आत माणूस अडकलाय!"

"ओ," ताई म्हणाली. "त्यांनी नोंद केली होती का सर?"

बायकोनं दाराच्या रबरी कडेला तोंड लावलं. "अप्पा! पासवर्ड सांगा! आम्ही दार उघडतो! अप्पा, ऐकताय ना?"

आतून पंख्याची घरघर. मग सासऱ्यांचा आवाज, मिशीवर बर्फ साठल्यासारखा जडशीळ.

"आधी... सगळ्यांनी... भिंतीकडे... तोंड करा..."

आणि ते वळले! गारठा पहारीसकट वळला. मावशी डब्यासकट वळल्या. बायको रडत रडत वळली. बोळाची भिंत इतकी गार होती की नाक लावल्या लावल्या चिकटत होतं. सगळे तसे उभे, कान मागे लावून, आणि आतून काहीच येईना.

"अप्पा, वळलो आम्ही! सांगा आता!"

बराच वेळ नुसती घरघर. मग अगदी बारीक आवाजात, ज्या आवाजात त्या माणसाला उभ्या जन्मात कुणी बोलताना ऐकलं नव्हतं: "जावईबापू... नाही हो सांगता येत."

"का नाही?"

आतलं बडवणंही थांबलं.

जावईबापू भिंतीपासून सुटले आणि ऑफिसकडे पळाले. ऑफिसात कुणीतरी हिमरक्षकला अधिकार दिला होता. ज्यानं दिला त्याला पासवर्ड माहीत होता. कोण? त्यांनी मावशींची खुर्ची बाजूला ओढली, आणि तिथं त्यांना तो दिसला.

की-बोर्डवर एक लोखंडी वजन ठेवलं होतं. जुन्या तराजूचं, अर्ध्या किलोचं, मावशी कागद उडू नयेत म्हणून वापरायच्या ते. नेमकं एंटरच्या बटणावर.

"मावशी! हे काय?"

मावशी धापा टाकत मागून आल्या होत्या. "ते होय? अहो, ती मेली पाटी परत परत येत होती. जेवायला जाऊ का तिच्याशी भांडत बसू? म्हटलं, बस दाबत. दमल्याशिवाय यंत्र ऐकत नाही. आमच्या ह्यांनासुद्धा मी असंच सरळ केलं."

"पण तुम्ही पाटीला हात लावलात!"

"मी कुठे लावला? वजनानं लावला. पगार कापायचा तर वजनाचा कापा."

जावईबापू त्या वजनाकडे बघत राहिले. वजनाला बोटं नव्हती. वजनाला जन्मतारखा, गाडीचे नंबर, सासूबाईंचं माहेर, काही माहीत नव्हतं. वजनानं काहीही टाकलं नव्हतं. नुसतं एंटर दाबलं होतं, पहिल्या पाटीलाही आणि दारांच्या पाटीलाही.

पासवर्ड नव्हताच.

ती टकटक, रोज वेगळी, लांब नि आखूड. काहीबाही अक्षरं मारायची, सगळी पुसून टाकायची, आणि मग शेवटची ती एक जोरदार टक. इतके दिवस एवढी माणसं भिंतीला नाक लावून उभी राहिली होती, ती काहीच न बघण्यासाठी. म्हाताऱ्यानं कधीतरी जबरदस्त पासवर्ड ठेवला असेल, विसरला असेल, गपचूप कुणाला तरी काढून टाकायला लावला असेल. आणि आता आत मरायला टेकला तरी सांगेना, कारण सांगायला होतंच काय?

त्यांनी वजन बाजूला ठेवलं आणि 'खोली ४, दार उघडा' दाबलं. पाटी आली. पासवर्डाची चौकट, कोरीकरकरीत. बोट एंटरवर.

इथं जावईबापू थांबले. म्हणजे ते नंतर कधी कबूल करणार नाहीत, पण थांबले. उद्या शनिवार. वरच्या दोन खोल्या. 'सगळ्यांसमोर सांगतोय.' यंत्रं कशी एका सुरात गात होती. कुणीही विचारलं असतं तर सांगता आलं असतं, पासवर्ड माहीत नव्हता हो. खरंच वाटलं असतं सगळ्यांना. बोळातून बायकोचा हाकेचा आवाज आला, "अप्पा, बोला ना काहीतरी!"

त्यांनी एंटर दाबलं.

'धप्प' न होता, एक लांब उसासा टाकून दार उघडलं.

मालक बाहेर आले ते ब्लँकेटची वळकटी होऊन. भुवया पांढऱ्या, मिशीला लोंबते काटे, ओठ जांभळे. गारठ्यानं आणि मुलीनं धरून त्यांना ऑफिसात आणलं, खुर्चीत बसवलं, पायाशी हीटर लावला. दात वाजत होते. तशातही पहिला प्रश्न तोच.

"प... पासवर्ड... कुणी टाकला?"

एव्हाना हमालही जेवून परतले होते; सगळ्यांनी जावईबापूंकडे बघितलं. जावईबापूंनी मालकांकडे. मालकांच्या डोळ्यांत जे होतं त्याला राग म्हणता आलं नसतं. एखाद्याची विजार भर चौकात सुटावी आणि फक्त एकानंच ती बघावी, तसं काहीतरी.

"तुम्हीच सांगितलात की अप्पा," जावईबापू सावकाश म्हणाले. "आतून. मला एकट्याला ऐकू गेला."

मालकांनी डोळे मिटले. "हो," ते म्हणाले. "सांगितला मी." मग जरा वेळानं, हीटरकडे बघत, "वरच्या खोल्यांना रंग द्यायला झालाय, नाही? बघू पुढच्या आठवड्यात."

बायकोनं नवऱ्याचा हात दाबला. जावईबापूंना वाटलं, सुटलो. आयुष्यभरासाठी सुटलो. ते गुपित आता त्यांच्या खिशात होतं, साऱ्या जुडग्याहून मोठी किल्ली.

मालकांनी कमर चाचपली. "जुडगा! आतच पडला. गारठ्या, जा बघू, घेऊन ये."

गारठा गेला. तो कसली नोंद करतोय? त्याच्यासाठी ती खोली म्हणजे घरचा ओटा.

"हे काय आलंय आता?" मावशी आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या, चष्मा नाकावर. आणि त्या वाचायला लागल्या, शाळेतल्या कवितेसारखं, खणखणीत आवाजात, शब्द न शब्द सुटा. "'तपासणी पूर्ण. जुन्या प्रशासकाचा... पासवर्ड... रिकामा आढळला.'"

मालकांचे वाजणारे दात थांबले.

"'रिकामा पासवर्ड असुरक्षित आहे. जुन्या प्रशासकाचे सर्व अधिकार काढून घेतले आहेत.'" मावशींनी चष्मा वर सारला. "रिकामा म्हणजे हो काय, जावईबापू?"

हमालांनी हळूच भिंतीकडे बघितलं. आपापल्या डागाकडे. खालपासून वरपर्यंत त्या ओळीकडे, त्या गिऱ्हाइकाच्या पोरीच्या ठिपक्यापर्यंत. मग सगळे मालकांकडे बघायला लागले, आणि बघतच राहिले. ब्लँकेटमधला माणूस एकदम फार छोटा दिसत होता. मिशीवरचा बर्फ वितळून हनुवटीवरून ठिबकत होता.

"अजून आहे," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा बदलला होता. "'या मशीनवरील सध्याची व्यक्ती: मावशी. नवीन प्रशासक: मावशी. दारे, माल व सर्व वापरकर्ते आपल्या ताब्यात. कृपया नवा पासवर्ड टाका.'"

मावशींनी ते लोखंडी वजन उचललं, पदरानं पुसलं आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. बोटं मोडली, एकेक करून. इतकी वर्षं या बाईनं स्वतःच्या चहाला लागणारी साखर मागून घेतली होती.

"मावशी," जावईबापू म्हणाले, "आधी दारांचं ते बंद करू या. मी दाखवतो कुठे आहे ते. फक्त फोल्डर..."

"जावईबापू." अगदी गोड आवाज. "मी बसते. तुम्ही सांगा."

आणि मग, मान न वळवता: "भिंतीकडे तोंड करा."

आधी हमाल वळले. सवय ती सवय. मग बायको. मालक उठले, ब्लँकेट सावरत चालत गेले, आणि भिंतीपाशी घुटमळले. त्यांना जागाच नव्हती. इतक्या नाकांत त्यांचं नाक तेवढं नव्हतं. शेवटी दोन डागांच्या मधल्या कोऱ्या चुन्यावर त्यांनी कपाळ टेकवलं. ओला ठसा उमटला.

जावईबापू त्यांच्या शेजारी आपल्या जागेवर उभे राहिले. मागे टकटक सुरू झाली. ही वेगळी होती. दहा बोटांची, सलग, न अडखळणारी. मावशी टाकत होत्या तो पासवर्ड खराखुरा होता, आणि लांबलचक होता.

मग एक टक.

आणि मागच्या बोळात, एकामागून एक, 'धप्प'. 'धप्प'. 'धप्प'. 'धप्प'. यंत्रांनी सूर चढवला.



"मावशी!" जावईबापू भिंतीला म्हणाले. "गारठा आत आहे!"

मागे खुर्ची करकरली. मावशी पडदा बघत असाव्यात.

"हो का?" त्या म्हणाल्या. "नोंद केली होती का त्यानं?"